चौसष्ट दाते

गिरगावातली खोली सुटली आणि आम्ही दादरला आलो, तेव्हा आजोबांचे लंबकाचे घड्याळ गोधडीत गुंडाळून टॅक्सीने मांडीवर आणले होते. ते पुढे बरीच वर्षे मुकाट चालले आणि एके दिवशी किल्ली देताना आत काहीतरी कडाडले. मधल्या चाकाचे तीन दाते मोडले होते. दोनतीन दुकाने फिरलो. सगळीकडे एकच उत्तर, "चाक आता मिळणार नाही, साहेब. आत सेलचे मशीन बसवून देतो." या घड्याळात सेल घालणे मला आजोबांचे धोतर सोडवून त्यांना पॅण्ट चढवण्यासारखे वाटले.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी बंदिस्त गॅलरीत एक लहानसे मिलिंग मशीन मांडले आहे. (शेजारी त्याला पिठाची गिरणी समजतात.) मनात आले, चाक आपणच कापू. मोडके तीन धरून दाते भरले चौसष्ट. पण ते सारख्या अंतरावर कापायचे, तर रोटरी टेबल पाहिजे. हे मी घरात जाहीर केले तेव्हा आमची ही म्हणाली, "आणखी एक टेबल? आणि बसायचे कुठे?"

रोटरी टेबल म्हणजे बसायचे-जेवायचे टेबल नव्हे. तो एक गोल लोखंडी पाट. त्याच्या पोटात दात्यांचे चाक असते आणि त्याला लागून मळसूत्राचा दांडा. बाहेरची मूठ गरगर फिरवावी तेव्हा पाट हळूच सरकतो. नव्वदास एक असेल तर मुठीचे नव्वद फेरे होतात तेव्हा पाटाचा एक.

खरेदीला मी सासऱ्यांना बरोबर घेतले, खरे म्हणजे सोबत म्हणून. अण्णा लालबागचे. एका गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि अण्णांना काही पुन्हा आत घेतले नाही. पुढची वीस वर्षे त्यांनी एका इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून काढली. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. मशीनचा विषय ते घरात काढू देत नसत. माझे मशीन पाहायलासुद्धा ते कधी आले नव्हते. त्या दिवशी मात्र "चला" म्हणाले. का, ते मी विचारले नाही.

नागदेवी स्ट्रीटवर दुकानदाराने सहा इंची, नव्वदास एक, नवे कोरे टेबल काढून ठेवले. बरोबर भोके पाडलेल्या दोन तबकड्या. मी भाळलोच. अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली आणि दुकानाच्या कार्डामागे आकडे मांडले. नव्वदाला चौसष्टाने भागले की एक पूर्ण फेरा आणि वर तेरा बत्तिसांश. "बत्तीस भोकांचे वर्तुळ दाखवा." एका तबकडीवर १५ ते २० अशी वर्तुळे, दुसरीवर २१, २३, २७, २९, ३१ आणि ३३. एकतीस होते, तेहेतीस होते, बत्तीस तेवढे नव्हते!

"अंशांवर करा ना," दुकानदार म्हणाला. "दर दात्याला पाच अंश, सदतीस मिनिटे, तीस सेकंद."

"चौसष्ट वेळा ही बेरीज करू?" अण्णा म्हणाले. "एकदा चुकलो की पितळ भंगारात. शिवाय जावईबापू, हे एवढे उंच धूड तुमच्या मशीनवर चढवले, त्यावर चक बसवला, की कटर कुठे मावणार?"

तेही खरेच होते. मी पाटाचा व्यास पाहत होतो, उंची पाहिलीच नव्हती. आणि चाक कापायचे म्हणजे टेबल कुशीवर उभे राहायला हवे, हेही मला तिथे कळले.

मग एका बोळात, जुन्या मालाच्या दुकानात, अण्णा तासभर उकिडवे बसले. चार इंची, बहात्तरास एक, वर गंजाचे पुट. बहात्तराला चौसष्टाने भागा, एक फेरा आणि एक अष्टमांश. सोळाच्या वर्तुळावर दोन भोके, संपला हिशेब! पण लगेच हो म्हणाले नाहीत. मधल्या निमुळत्या भोकात बोट घालून चर पडलेत का ते चाचपले. पाट आवळून हिसडून पाहिला. मग मूठ उजवीकडे आणि लगेच डावीकडे फिरवली. पाट हलायच्या आधी मूठ किती रिकामी जाते ते पाहिले. ही ढिलाई थोडी असायचीच. ती सोसायची एकच युक्ती, नेहमी एकाच बाजूने यायचे. पुढे गेलात तर तेवढेच मागे येऊन भागत नाही. चांगले मागे जाऊन पुन्हा पुढे यायचे.

"कोणत्या गिरणीतले असेल हो?" मी विचारले. त्यांनी बूड उलटून पाहिले. काही लिहिलेले नव्हते. किमतीची घासाघीस मात्र त्यांनी अशी केली, की मला शेजारच्या दुकानात जाऊन उभे राहावे लागले.

आठ दिवस रॉकेल आणि पॉलिशपेपर चालले. माळ्यावरची पेटी लालबागहून दादरला आली. पहिली पितळी चकती मी कापली. एकेचाळिसाव्या दात्याला मूठ पुढे गेली, मी तेवढीच मागे घेतली आणि तिथलाच दाता बारीक उरला. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या चकतीला त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि स्वतः मूठ धरली. हात कापतो हल्ली, चहाची बशी डुचमळते. मुठीवर तो कापत नव्हता. दर दात्याला मोठ्याने आकडा. त्रेपन्नाला हिने आत डोकावून, "बाबा, चहा," म्हटले, तर डोळे न उचलता डावा हात वर केला. चौसष्टाव्या खाचेला कटर पहिल्या दात्याच्या कडेशी नेमका येऊन थांबला.

घड्याळ आता चालते. दिवसाला चार मिनिटे पुढे जाते, हे मी अण्णांना सांगितले. ते म्हणाले, "लंबकाचे भिंग जरा खाली घ्या. चाकाला बोल लावू नका."