आमचे जालपाद

आमच्या घरांत पायताण घ्यावयाचें तें नेहमीं एक माप मोठें, असा आजोबांच्या वेळेपासूनचा दंडक आहे. मुलाचा पाय वाढता, पैसा मोजका. पुढें कापसाचा बोळा घातला कीं वर्ष निभते. थोरल्याच्या वहाणा धाकट्यास, धाकट्याच्या त्याच्या पाठच्यास, अशा त्या घरांतल्या घरांत फिरत राहात. मॅट्रिक होईपर्यंत स्वतःच्या मापाचें पायताण पायांत घातल्याचें आम्हांस आठवत नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेऊन आम्ही निवृत्त झालों, तरी ही संवय कांहीं निवृत्त झाली नाहीं. आणि तिच्यापायीं आमच्या हातून जें घडलें तें सांगावयास आज बसलों आहों.

थोरल्या चिरंजीवांची कन्या पुण्यास शिकावयास असते. 2023 च्या दिवाळींत घरीं आली तेव्हां तिनें जाहीर केलें कीं, आपण तारकर्लीस जाऊन स्कूबाचें, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रांत उतरण्याचें, रीतसर शिक्षण घेणार. तत्पूर्वीं तोंडांत नळी धरून, पालथें तरंगत, खालचें जग पाहण्याचा सराव करणार. भावजयीनें कपाळास हात लावला. धाकटे बंधू म्हणाले, "आजवर समुद्रोल्लंघनाचा वाद ऐकला होता, हें समुद्रनिमज्जन नवीनच!" आम्हीं मात्र मुलीची बाजू घेतली. वाईच्या घाटावर पाठीस भोपळा बांधून कृष्णेंत पोहावयास शिकलेले आम्ही. पाण्याचें भय आम्हांस कधीं वाटलें नाहीं. "तुझे फिन्स आम्ही देऊं," असें आम्हीं सर्वांदेखत सांगून टाकलें.

फिन्स म्हणजे पोहतांना पायांत घालावयाचे रबरी वा प्लास्टिकचे पंखे. पायाच्या बोटांमध्यें पडदा असलेल्या हंसादि पक्ष्यांस संस्कृतांत जालपाद म्हणतात. तोच शब्द आम्हीं घरांत रूढ करावयाचा यत्न केला. नातीखेरीज कोणीं तो उच्चारला नाहीं, आणि तीही हंसतच. कल्पना मात्र जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिननें लहानपणीं हातांस लाकडी फळ्या व पायांस एक प्रकारच्या खडावा बांधून पोहून पाहिलें होतें. हातांच्या फळ्यांनीं वेग वाढला पण मनगटें थकलीं. खडावांनीं त्याचें समाधान झालें नाहीं, कारण पोहतांना पाण्यास रेटा केवळ तळव्याचा नसतो, घोट्याचा व पावलाच्या आंतल्या बाजूचाही असतो, हें त्याच्या ध्यानांत आलें. पुढें फ्रेंच आरमारांतील लुई द कॉर्लिअ यानें 1933 सालीं रबरी फिन्सचें पेटंट घेतलें, आणि ओवेन चर्चिल नांवाच्या अमेरिकन नौकाविहाऱ्यानें त्याच्याकडून परवाना घेऊन 1940 पासून ते विकावयास आणले. दुसऱ्या महायुद्धांत आरमारी पाणबुड्यांनीं ते वापरले. हें सर्व आम्हीं खरेदीच्या आधीं वाचून काढलें होतें. पायाचें माप ही गोष्ट वाचावयाची राहिली.

माप आमच्याजवळ नव्हतें असें नाहीं. आमच्या कुटुंबानें मुलीचा पाय जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून, पेन्सिल फिरवून, कागद घडी घालून आमच्या कोटाच्या खिशांत ठेवला होता. दुकानदारानें तीन जोड पुढें मांडले. एक आंखूड पात्याचा, बुटासारखा सबंध पाय आंत जाणारा. दुसरा टांच उघडी असलेला, मागें पट्टा. तो घ्यावा तर आंत घालावयास निराळे बूट हवेत, म्हणजे खर्च दुहेरी. तिसरा पहिल्यासारखाच, पण दीड हात पात्याचा. दम रोखून खोल बुडी मारणारे वापरतात त्या जातीचा. हा तिसरा जोड जुना माल म्हणून पहिल्याच्याच किंमतींत मिळत होता. एवढें लांब पातें, एवढा माल, आणि पैसे तितकेच! आम्हांस दुसरें कांहीं सुचलें नाहीं. मुलीचा पाय 38 चा. जोड 38-39 आणि 40-41 असे दोन दोन मापांचे होते; आम्हीं 40 चा उचलला. "बाईंना आणून घालून पाहा," असें दुकानदार म्हणाला होता, हें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे.

डिसेंबरांत आम्ही तिच्यासह मालवणास गेलों. होडींत बसून तिनें फिन्स चढविले आणि म्हणाली, "अण्णा, किंचित् सैल वाटतात." आम्हीं उत्तर दिलें, "आंत मोजे घाल." कापसाच्या बोळ्याचीच ही नवी आवृत्ति! तिनें निमूटपणें सुती मोजे घातले व ती पाण्यांत उतरली.

समोर सिंधुदुर्गाचा तट, पाणी नितळ. पहिलीं दहा मिनिटें आम्ही मोठ्या कौतुकानें तिची नळी पाहात होतों. ओहोटी लागली होती, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं, नावाड्याच्या आलें. त्यानें तिला हांक मारली. ती वळली, पाय जोरानें मारूं लागली, आणि भिजून बुळबुळीत झालेल्या मोज्यावरून उजव्या पायाचा फिन सुटून गेला. एका पायास दीड हात पातें आणि दुसरा पाय मोकळा. अशा स्थितींत माणूस सरळ जात नाहीं, फिरत राहातो. त्यांतच त्या लांब पात्याच्या ओझ्यानें डाव्या पोटरींत गोळा आला. अंगांत तरंगजाकीट होतें म्हणून बुडण्याचें भय नव्हतें. भय होतें खडकांचें, जेथें लाटा फुटत होत्या. नावाड्यानें उडी घेतली. तो तिच्यापर्यंत पोंचेतों किती वेळ गेला तें आम्हांस सांगतां येणार नाहीं. त्या वेळांत आम्ही होडीची कड धरून नुसते उभे होतों, आणि भोपळा बांधून पोहावयास शिकलेल्या आम्हांस पाण्यांत पाय टाकण्याचें धैर्य झालें नाहीं. ती वर आली तेव्हां कालवांच्या कडांनीं तिचें कोपर व पाऊल चिरलें होतें.

परततांना आम्ही कांहीं बोलण्याआधींच ती म्हणाली, "अण्णा, घरीं सांगूं कीं माझ्या निष्काळजीपणानें एक फिन हरवला." आणि आम्हीं तसें सांगूं दिलें. भावजयीनें तिला चार शब्द सुनावले, बंधूंनीं निमज्जनाचा विनोद पुन्हां केला, आणि आम्ही खालीं मान घालून जेवलों. ती पुण्यास गेली. अकरा दिवस हा घांस आमच्या घशांत राहिला. बाराव्या दिवशीं, सर्व पंगतीस असतां, आम्हीं घडलें तें सांगितलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. आमचें कुटुंब ताक वाढीत होतें, तें म्हणालें, "अहो, मला ठाऊक आहे. उरलेल्या एकाच्या तळाशीं 40 चा आंकडा आहे, आणि माप मीच काढून दिलें होतें. तुम्ही केव्हां सांगतां, एवढेंच पाहात होतें."

पुढच्या फेब्रुवारींत नातीनें आम्हांस पुन्हां दुकानांत नेलें. या खेपेस पाय तिचा आणि गप्प बसण्याचें काम आमचें. ती बांकावर बसली, फिन चढविला, बोटें ताणलीं, पाय उचलून जोरानें हलविला. टांच उचलतां कामा नये, बोटें दुमडतां कामा नयेत, आणि पावलाच्या वरच्या बाजूस रबर रुततां कामा नये. कोरड्यांत जरा घट्ट वाटणारें पाण्यांत ठीक बसतें. कोरड्यांत सैल असलेलें पाण्यांत जातें. मग तिनें पात्याचें टोंक फरशीवर टेकून दाबून पाहिलें. पाणी हवेहून सुमारें 800 पट दाट. ताठ पातें तें पुष्कळ लोटतें खरें, पण त्याची किंमत पोटरी देते. पाय कमरेपासून हलवावयाचा असतो. सायकल मारल्यागत गुडघे दुमडणाऱ्या नवशिक्यास मऊ, मध्यम लांबीचें पातेंच बरें.

मधोमध चीर असलेले, सर्पाच्या जिभेसारखे फिन्सही तेथें होते. वरखालीं पाय मारणारास ते हलके जातात व गुडघ्यांस सुखाचे असतात. परंतु बेडकासारखे पाय फांकून मारण्यास, किंवा मागें सरण्यास, बरे नव्हेत. बेडकाची ती चाल मात्र शिकलीच पाहिजे, असें नात म्हणाली; कारण तळाशीं वरखालीं पाय मारले कीं वाळू उडते, गढूळ होतें, पोंवळें मोडतें. मालवणचा तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तेथें पाहुण्यानें पाय जपूनच हलवावे. बेडकास अमरकोशांत प्लव असेंही नांव आहे, हें आम्हीं सांगितलें. दुकानदार ऐकत होता, पण त्यानें भाव कमी केला नाहीं.

शेवटीं तिनें उघड्या टांचेचा, पट्ट्याचा जोड घेतला, आंतील बुटांसह. नुसतें तरंगावयाचें तर सबंध पायाचा आंखूड जोड पुरेसा होता. प्रवासास हलका, आणि बूट लागत नाहींत. पण टाकी पाठीवर घेऊन खडकांतून चालत पाण्यांत जावयाचें, तर कालवांवर अनवाणी पाय टाकण्याचा अनुभव तिला झाला होता. वजनाचाही विचार तिनें केला. भरीव रबराचे फिन्स बुडतात व पाय खालीं धरून ठेवतात; हलक्या प्लास्टिकचे तसें करीत नाहींत. तिचे पाय मुळांतच खालीं जातात, म्हणून तिनें हलके घेतले. एवढा हिशेब एका पायताणाचा!

तिचें शिक्षण मार्चांत पुरें झालें. फिन्स गोड्या पाण्यानें धुवून, सांवलींत आडवे ठेवावे लागतात, भिंतीस टोंकावर उभे केले तर पातें वांकतें; तें काम घरीं आमच्याकडे आहे. आणि सांगावयास हरकत नाहीं, आंखूड पात्याचा एक जोड आम्हींही घेतला. माप 42. पुढच्या मोसमांत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, नातीचा हात धरून आम्ही त्याच पाण्यांत वीस मिनिटें पालथे तरंगलों. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे मासे आमच्या चष्म्यावाचून आम्हांस नीट दिसले नाहींत, पण दिसले.

तो उरलेला एकटा डावा फिन टाकून देण्याची आमच्या घरांत कोणाची छाती नव्हती. तो सध्यां न्हाणीघरांत खुंटीवर असतो. पहांटे बंब पेटवितांना आमचें कुटुंब त्यानें वारा घालतें. पातें लांब असल्यानें हात पोळत नाहीं, असें तें म्हणतें.