खऱ्या व्हायोलिन्सचा हट्ट

गाण्याची अरेंजमेंट करताना एक वाद हमखास होतो. स्ट्रिंग्ज की-बोर्डवर वाजवून भागवायचं, की वादक बोलवायचे? निर्मात्याचं उत्तर खर्चाकडे बघून ठरलेलं असतं. त्याला पटवायला मी एक गाणं ऐकवतो: मॅसिव्ह अटॅकचं 'अनफिनिश्ड सिम्पथी'.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा हा ग्रुप. रॉबर्ट डेल नाजा, ग्रँट मार्शल आणि अँड्र्यू व्हाउल्स हे तिघे 'वाइल्ड बंच' या साउंड सिस्टीममधून आलेले. पार्ट्यांमध्ये रेकॉर्ड्स वाजवणारी ही मुलं, त्यामुळे त्यांचा कान रेकॉर्ड्सवर तयार झालेला. कुठल्या रेकॉर्डमधले कोणते दोन सेकंद उचलायचे, ही त्यांची तालीम. या गाण्याची चाल मात्र गायिकेकडून आली. स्टुडिओत शारा नेल्सन काहीतरी गुणगुणत होती, ते सहनिर्माता जॉनी डॉलरच्या कानांनी पकडलं, आणि त्याभोवती गाणं उभं राहिलं.

तालाखाली जे. जे. जॉन्सनच्या 1974 सालच्या 'परेड स्ट्रट'चा तुकडा आहे. मधूनमधून एक पुकार ऐकू येते, ती महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या 'प्लॅनेटरी सिटिझन'मधली. जॉन मॅक्लॉफ्लिनचा हा ग्रुप. ती रेकॉर्ड आली 1976मध्ये, आणि त्याच वर्षी मॅक्लॉफ्लिनचा झाकीर हुसेन यांच्यासोबतचा 'शक्ती'चा पहिला अल्बमही आला. मुंबईच्या तबल्याशी जुगलबंदी करणाऱ्या माणसाच्या ग्रुपमधली हाक पंधरा वर्षांनी ब्रिस्टलच्या गाण्यात घुमते, याचं मला फार अप्रूप आहे.

आता मुद्द्याकडे येतो. स्ट्रिंग्ज आधी सिंथेसायझरवर वाजवून पाहिल्या होत्या. त्या खोट्या वाटल्या. मग विल मलोनकडून अरेंजमेंट लिहून घेतली आणि लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत खरा ऑर्केस्ट्रा बसवला. बजेटमध्ये हे बसणारं नव्हतं. पैशांसाठी गाडी विकावी लागली, असं सांगतात. 

हा हट्ट योग्यच होता. तालाखाली फिरत राहणारा तुकडा, म्हणजे लूप, दर फेरीला अगदी तोच असतो, केसाचाही फरक नाही. त्यावर की-बोर्डच्या स्ट्रिंग्ज ठेवल्या की यंत्रावर यंत्र चढतं. की दाबली की सगळी व्हायोलिन्स एकाच क्षणी, एकाच जोराने सुरू होतात. माणसांच्या सेक्शनमध्ये एकाचा गज जरा आधी लागतो, एकाचा नंतर. प्रत्येकाच्या बोटाचं कंपन वेगळं, सूरही सुताभराने इकडेतिकडे. त्या फरकांमधूनच नादाला रुंदी येते. मलोनने त्यांना धावपळ करायला लावलेली नाही. खाली ताल झपझप चालतोय आणि वर व्हायोलिन्स लांब स्वर धरून हळूहळू सरकताहेत. त्यामुळे गाणं पुढे जातं आणि तरी जागच्या जागी तळमळतं. शाराचा आर्त आवाज या दोन लयींच्या मधोमध आहे. माझ्या मते या गाण्याचं सगळं दुःख तिथेच आहे, शब्दांत ते कमीच.

फेब्रुवारी 1991मध्ये सिंगल आलं तेव्हा आखाती युद्ध चालू होतं. नावात 'अटॅक' असलेला ग्रुप रेडिओवर चालणार नाही या धास्तीने रेकॉर्डवर नुसतं 'मॅसिव्ह' छापलं गेलं. ब्रिटनमध्ये गाणं तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं. बेली वॉल्शने केलेला व्हिडिओ म्हणजे लॉस एंजेलिसच्या वेस्ट पिको बुलेवार्डवर शारा गात चालली आहे, एवढंच. एकच सलग शॉट. भोवतालची माणसं आपापल्या उद्योगात, आणि ती कुणाकडेही बघत नाही. एप्रिलमध्ये 'ब्लू लाइन्स' अल्बम आला. या धाटणीच्या संगीताला ट्रिप हॉप हे नाव छापून आलं ते त्यानंतर, 1994मध्ये 'मिक्समॅग' मासिकात, आणि ब्रिस्टलच्या मंडळींना ते कधीच फारसं आवडलं नाही. पुढे 'द व्हर्व्ह' या ग्रुपनेही आपल्या 'अर्बन हिम्स' अल्बमच्या स्ट्रिंग्जसाठी मलोनलाच बोलावलं. आज इंग्लंडमधल्या सर्वोत्तम गाण्यांची यादी कुणीही केली तरी हे सिंगल तिच्यात बहुधा असतंच.

मुंबईला हे नवं नाही. सॅबेस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजरांनी हिंदी सिनेमाला व्हायोलिन सेक्शनची सवय लावली होती. ती आपण खर्चापायी सोडली. गजावर हात बसलेले वादक या शहरात आजही आहेत. नव्या अरेंजरांना माझी विनंती आहे: लूप खुशाल वापरा, पण पुढच्या गाण्याला निदान चार व्हायोलिनवादक बोलवा, आणि त्यांचे पैसे बजेटमध्ये सगळ्यात आधी मांडा.