साठीचा नेमबाज

परवा डोळ्यांवर चाळिशी आली आणि घरात थट्टेला ऊत आला. माझा दहा वर्षे बासनात पडून असलेला प्रबंध सर्वांना ठाऊक. नुकतेच कॉलेजात गेलेले आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, राहू द्या आता. तो मीच पुरा करीन!" मी हसलो खरा, पण शब्द मनाला लागला. अशा वेळी मला स्वीडनचा एक म्हातारा आठवतो.

ऑस्कर स्वान त्याचे नाव. जन्म 1847 चा. 1908 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रथमच उतरला, तेव्हा दाढी पांढरी झालेली आणि वय साठ! आपल्याकडे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. या गृहस्थाने ‘धावते हरीण’ या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. तेही अवघ्या एका गुणाने.

हे हरीण अर्थात खोटे. शंभर यार्डांहून अधिक अंतरावर ते सरकत जाई आणि सुमारे चार सेकंदांत दिसेनासे होई. तेवढ्यात गोळी झाडायची. हरीण दिसते तिथे नेम धरून भागत नाही; गोळी पोचेपर्यंत ते पुढे गेलेले असते. नेम त्याच्या पुढे धरावा लागतो.

पण स्वानचा मोठेपणा मला दिसतो तो 1912 च्या स्टॉकहोममध्ये. त्याचा मुलगा आल्फ्रेड त्याच स्पर्धेत होता. वैयक्तिक सुवर्णपदक लेकाने नेले; बाप पहिल्या तिघांतही नव्हता. दुसरा एखादा बंदूक खुंटीला टांगून मोकळा झाला असता. हा त्याच लेकाबरोबर सांघिक सामन्यात उतरला आणि चौसष्टाव्या वर्षी सुवर्णपदक घेऊन गेला. 1920 साली अँटवर्पला पुन्हा बापलेक एका संघात. तेव्हा रौप्यपदक मिळाले. बापाचे वय बहात्तर! ऑलिंपिकच्या खेळांत इतक्या वयाचा पदकविजेता आजवर दुसरा झालेला नाही. 1924 च्या पॅरिसला जायचे आजारपणामुळे राहिले. 1927 साली तो गेला.

लेक पुढे गेला म्हणून बापाने थांबलेच पाहिजे, असे थोडेच आहे?

काल रात्री मी बासन सोडले. कागद पिवळे पडले होते. चिरंजिवांना हाक मारली, म्हटले, "बैस. तू वाच, मी लिहितो."

चाळिशी नाकावर चढवली. अक्षर अगदी स्वच्छ दिसत होते.