बैलाखालचा पाट

तान्हा पोळा जवळ आला की नागपुरात लाकडी बैलांचा बाजार फुलतो. मुठीत मावणाऱ्या बैलापासून पोराच्या खांद्याला लागणाऱ्या बैलापर्यंत सगळे चाकांच्या पाटावर ऐटीत उभे. श्रावणी अमावास्येचा पोळा खऱ्या बैलांचा, दुसरा दिवस लेकरांचा. नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजांनी १८०६ मध्ये हा तान्हा पोळा सुरू केला, असे सांगतात. दोरी धरून दारोदार फिरायचे आणि बोजारा, म्हणजे घरोघरची बक्षिसी, गोळा करायचा, हे इथल्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाही.

मला मात्र एक सल आहे. बैल मिरवतो पोरगा, पण त्याचा हात लाकडाला लागतो तो थेट दोरी बांधताना. बैल कोरणे कसबी माणसाचे काम, मान्य. पण खालचा पाट? तो तर सहा-सात वर्षांच्या लेकरालाही जमेल.

फळी हलक्या लाकडाची घ्यावी. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची होतात, ती उगीच नव्हे. आपल्याकडे खोक्याची फळीही चालते. सुरुवात काचकागदाने. लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासले तर फळी गुळगुळीत होते, आडवे घासले तर ओरखडे उठतात. हे सांगायची गरज नाही, बोटांना कळते. मग गिरमिटाने भोक पाडायचे, नाहीतर कडेला ठोकलेला खिळा फळी चिरतो. खिळा बोटांनी न धरता कपड्याच्या चिमट्यात धरावा. करवत शेवटी, आणि तीही शेजारी मोठे माणूस बसले असेल तेव्हाच. आमच्या गल्लीतले सुतारकाका पोरांना बजावतात, "घाई नको करू बाबू, लाकूड काई पयून नाई चाललं."

हाताने शिकण्याचा हा विचार नवा नाही. इथून जवळच, वर्ध्याला, १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. स्वीडनमध्ये शिक्षक ऑटो सालोमोन त्याआधीच मुलांना सुतारकामातून घडवत होते. हाताला काम मिळाले की डोके आपोआप मागे येते, एवढा साधा हिशेब.

चाकांची भोके एका ओळीत आली नाहीत तर बैल लंगडतो. लंगडू द्यावा. विकतच्या बैलाचे चाक निखळले की बाकीची पोरे बाबांना हाका मारतात. स्वतः पाट केलेला पोरगा मात्र रस्त्यातच खाली बसेल, बैल उलटा करील आणि चाक कुठे घासतेय ते आधी बघेल.