पोटखराब

हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती, म्हणजे १९९९ च्या आधीची गोष्ट. आमच्या सातबाऱ्यावर कयाधूकाठच्या त्या तुकड्यापुढं ‘पोटखराब, अकरा आर’ असं लिहिलेलं असायचं. वाळू, मुरूम, कुसळं, एक हिवर. औत लागायचं नाही, म्हणून खराब.

तो तिथं राहायचा. वैशाखात वर आमचे पाय भाजायचे आणि वीतभर खाली तो. एकदा जाताना पाहिला होता त्याला. मागच्या पायांनी वाळू लोटत, अंग हलवत, ढुंगणाकडून जमिनीत उतरत गेला. शेवटी दोन डोळे उरले. तेही मिटले आणि माळ कोरा.

बेडूकच म्हणायचो आम्ही. न्हाणीमागच्या भेकाच्या डोक्यावर काळे कंगोरे असतात, याचं डोकं सपाट, एवढाच काय तो फरक. (ल्यूटकेन नावाच्या डॅनिश माणसानं १८६४ मध्ये त्याला ‘स्टोमॅटिकस’ असं नाव दिलेलं होतं. आमच्या गावापर्यंत ते पोचलं नाही.)

मृग लांबला की पोरं धोंडी काढायची. लिंबाचा पाला, काठी, मधे बांधलेला तो. आई उंबऱ्यातून तांब्याभर पाणी ओतायची. बेडूक पाणी तोंडानं पीत नाही. ओलीवर पोट टेकतो आणि कातडीनं ओढून घेतो. त्याच्या लेखी आईचा तांब्या म्हणजे पाऊसच. सोडला तरी उड्या मारत पळाला नाही. म्हाताऱ्यासारखा थांबत थांबत, चालत गेला माळाकडं.

पहिला दणका पडला की रात्रभर गळे फुगायचे. सकाळी डबक्यात चिकट दोऱ्या, त्यांत ओवलेले काळे मणी. डबकं आटायच्या आत पाय फुटून शेपूट जायला हवं, एवढीच त्या जिवांना मुदत.

मग जेसीबी आला. मीच बोलावला, दुसऱ्या कुणावर ढकलायला नको. माळ सपाट केला, गाळ टाकला. सोयाबीन घेतलं, पुढं हळद. तणनाशक मारलं. पाऊस पिणाऱ्या कातडीला फवारा निवडून बाजूला काढता येत नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. हळद मात्र चांगली उतरली.

आता सातबाऱ्यावर पोटखराब निरंक आहे.

यंदा मृग वेळेवर लागला. ट्रॅक्टरच्या चाकोरीत पाणी साचलं. रात्री बॅटरी घेऊन बांधावर बसलो. रातकिडे तेवढे होते. चार दिवस सकाळी वाकून मणी शोधले. पाचव्या दिवशी पाणी जिरलं.