अनामिक राज्यातील बंड

वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'ला (१९३५) आरंभी वितरक मिळेना. अखेर निर्मात्यांनीच तो प्रदर्शित केला, आणि पुढे तो पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. मराठी समीक्षेने प्रभातचे संतपट व सामाजिकपट साक्षेपाने वाचले. स्टंटपटाला मात्र 'पिटातल्या प्रेक्षकांचे मनोरंजन' या एका शेऱ्यात निकाली काढले. हा शेरा सौंदर्यशास्त्रीय असल्याचे भासते. वस्तुतः तो वर्गीय आहे.

कथानक साधे आहे. दुष्ट प्रधान रणमल राजाला कैदेत टाकतो आणि राजकन्या माधुरी मुखवटा चढवून, हाती हंटर घेऊन दुर्बलांच्या रक्षणास निघते. राज्याला काळ नाही: तलवारी आहेत, घोडे आहेत आणि राजघराण्याची मोटारही आहे. ही विसंगती निर्मात्यांच्या अडाणीपणातून आली असे मानण्याचा मोह होतो. परंतु १९३० साली प्रभातला 'स्वराज्याचे तोरण' हे नाव बदलून 'उदयकाल' करावे लागले, हे स्मरले की या कालहीनतेचे मोल कळते. शिवकालाला नाव होते, म्हणून तो सेन्सॉरला वाचता आला. रणमलचे राज्य कोणत्याच नकाशावर नव्हते. त्याचा अर्थ लावणे प्रेक्षकांवर सोपवलेले होते.

तथापि या बंडाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. राजा निर्दोष, कारभारी तेवढा दुष्ट, ही लोककथेची जुनी तडजोड येथेही आहे. सिंहासनाला धक्का लागत नाही. फक्त त्याचा खरा धनी परत येतो. एवढ्यावरून चित्रपटाला प्रतिगामी ठरवणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते अपुरे आहे. कारण संहिता जे आवरते ते नायिकेचे शरीर आवरत नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली, सर्कशीत काम केलेली, सोनेरी केसांची नादिया पुरुषांना लोळवते, कमरेवर हात ठेवून आरोळी ठोकते. आणि वसाहतीतील प्रेक्षक या गोऱ्या स्त्रीला आपली बंडखोर मानून टाळ्या पिटतो. सत्ताधाऱ्यांचा वर्ण आणि सत्तेचा प्रतिकार एकाच देहात कसे नांदले? अनुकरण म्हणावे तर टाळ्यांचा अर्थ लागत नाही. राष्ट्रीय रूपक म्हणावे तर सोनेरी केस आड येतात.

मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेलेले जे. बी. एच. वाडिया हे निर्माते म्हणून पुढे अधिक उघड बोलू लागले. 'डायमंड क्वीन'मध्ये (१९४०) स्त्रीस्वातंत्र्य व साक्षरता यांचा थेट पुरस्कार आहे. विचार म्हणून तो स्वागतार्हच; पण ते संवाद भाषणासारखे वाटतात. माधुरीच्या हंटरला असे स्पष्टीकरण लागले नव्हते.

१९४२ मध्ये परळच्या वाडिया मूव्हीटोनच्या जागेत शांतारामांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले. 'उदयकाल'चे दिग्दर्शक तेच होते. त्या वास्तूचा पुढचा इतिहास समीक्षकांना मुखोद्गत असतो, आधीचा क्वचितच.