डावा हात

माझे तीर डावीकडे जात होते आणि दोष मी तिरांना देत होतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याच्या तिराची काडी जास्त कडक असली तर तीर डावीकडे पडतो, हे वाचलेलं होतं, म्हणून नरम काड्या आणल्या. पिसं बदलली. दोरीवर तीर लावायची जागा कधी वर, कधी खाली सरकवून पाहिली. एवढं करूनही तिरांचा घोळका डावीकडेच राहिला, वर आणखी विस्कटला. उजव्या हाताची बोटं, हनुवटीखाली ओढ थांबवायची जागा, श्वास, डोळा, सगळं तपासून झालं. डावा हात तपासावा हे मनातसुद्धा आलं नाही. तो नुसता धनुष्य धरणारा हात, त्यात चुकण्यासारखं काय असणार, असंच मी धरून चाललो होतो.

नाशिकची डिसेंबरातली सकाळ. मखमलाबादच्या बाजूला एका मोकळ्या रानात आम्ही काही जण पेंढ्याचे गठ्ठे लावून सराव करायचो. थंडीने बोटं आखडलेली असायची आणि आखडलेल्या हाताने मी मूठ आणखीच आवळायचो. आमच्यातल्या एका ज्येष्ठ तिरंदाजाने मला पूर्ण ओढीत थांबवलं आणि माझ्या डाव्या हाताकडे बघायला सांगितलं. नखं पांढरीफटक पडली होती. इतक्या दिवसांत मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं.

धनुष्याचा हात नेमकं काय करतो, ते मला तेव्हा कळायला लागलं. ३५ पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढलं की जवळजवळ १६ किलोंचा दाब डाव्या तळहातावर येतो. तो दाबच धनुष्याला जागेवर ठेवतो. त्या क्षणी बोटांना काही काम नसतं, ती सैल असली तरी धनुष्य पडत नाही. उलट ती आवळली की धनुष्याला पीळ बसतो. दोरी सुटल्यापासून तीर धनुष्य सोडेपर्यंतचा वेळ डोळ्याला दिसतही नाही, पण तेवढ्यात तो पीळ सुटतो आणि तिराच्या शेपटाला धक्का देतो. माझ्या सगळ्या नव्या काड्या त्या धक्क्यामुळे डावीकडे जात होत्या. काड्यांवर, पिसांवर केलेला खर्च वाया गेला, त्याचं दुःख फारसं नाही. पुढे जे केलं त्याचं आहे.

आवळलेली मूठ सोडायची म्हणून मी एकदम दुसऱ्या टोकाला गेलो. २०२१मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये साताऱ्याच्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव खेळला, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीला डोळे लावून बसलो होतो. त्या स्पर्धेतल्या तिरंदाजांचे मोकळे पंजे आणि तीर सुटल्यावर हातातून पुढे झुकणारं धनुष्य मला भुरळ घालून गेलं. तसंच आपलंही असावं म्हणून मी बोटं उघडली आणि मनगट उंच केलं. त्यांच्या धनुष्याची ग्रिप हाताच्या आकाराला कोरून काढलेली असते आणि धनुष्य पडू नये म्हणून बोटांना किंवा मनगटाला स्लिंग बांधलेली असते. माझ्या धनुष्याची मूठ होती सरळ, गोल, वर कापडी पट्टी गुंडाळलेली. स्लिंग नव्हती. म्हणजे तीर सुटताक्षणी धनुष्य निसटेल या भीतीने माझी बोटं झडप घालायची. आधी सतत आवळत होतो, आता नेमक्या नको त्या क्षणी आवळायला लागलो.

मनगटाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण नवशिक्याला हे कुणी नीट सांगत नाही. मनगट खाली ठेवलं की दाब तळहाताच्या टाचेवर, अंगठ्याच्या मुळाशी येतो. पुढच्या हाताची हाडं तो दाब थेट घेतात, स्नायूंना कमी राबावं लागतं. मनगट उंच केलं की दाब अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचकीत येतो. स्पर्श कमी, म्हणून पीळ बसायची शक्यताही कमी. पण मनगट तिथे टिकवायचं काम सगळं स्नायूंचं. मधली जागा या दोन्हींच्या मध्ये, अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्यावर. यातली कुठलीही जागा चालते. चालत नाही ते एवढंच: पहिला तीर एका जागेवरून आणि दमल्यावरचा तीर दुसऱ्या जागेवरून मारणं. माझं नेमकं तेच व्हायचं. सरावाच्या सुरुवातीला मनगट उंच असायचं, तासाभराने ते नकळत खचायचं, दाब टाचेवर उतरायचा आणि तीर वर जायला लागायचे. मी मात्र नेम खाली घ्यायचो आणि पुढे चालू ठेवायचो.

या पद्धतीवर माझा इतका विश्वास बसला होता की मी ती दुसऱ्याला शिकवली.

कळवण तालुक्यातल्या एका वस्तीवर माझं कामानिमित्त जाणं-येणं होतं. दिंडोरी, वणी मागे टाकून गाडी त्या बाजूला लागली की मला नोकरीचा विसर पडायचा. तिथला एक भिल्ल मुलगा आजोबांनी करून दिलेल्या तिरकमठ्यावर लहानपणापासून हात चालवत होता. बांबूचं धनुष्य, दोरीसुद्धा बांबूच्या सालीची. दोरी ओढताना अंगठा लावायचा नाही, हे त्याला घरातूनच मिळालेलं. एकलव्याचा अंगठा गेला म्हणून आम्ही लावत नाही, असं आजोबा सांगायचे. केळीच्या खांबावर त्याचे तीर इतके जवळ बसायचे की काढताना पिसं एकमेकांत अडकायची. आपल्याकडे बांबूच्या धनुष्याचा इंडियन राउंड वेगळा खेळला जातो. त्याला त्यात उतरवायचं मी मनावर घेतलं. इथपर्यंत ठीक होतं.

पण त्याचं मनगट खाली होतं, आणि मला ते चुकीचं वाटलं. ‘अरे, असा हात खेळात चालत नाही,’ असं मी त्याला सांगितलं. ते कुणी ठरवलं, हे मला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मी त्याचा पंजा उघडला, मनगट वर केलं, कोपर ताणायला लावलं. त्याने एका शब्दाने विरोध केला नाही. मी शहरातून आलेला, वयाने मोठा, त्याच्यासाठी ‘सर’. त्याच्या गप्प राहण्याला मी संमती समजलो.

गावच्या धनुष्याला तीर टेकवायला वेगळी फळी नसते. तीर हातावरच, तर्जनीच्या वरच्या पेरावर टेकतो. म्हणजे तिथे हात ही धनुष्याची एक बाजूच असते. मनगट वर केल्याबरोबर तिराची बैठक सरकली. दोरीवरची जागा तीच, पुढचा टेकू मात्र वेगळा. तीर लचकत जायला लागले. पिसाचा कडक देठ बोटाला घासून कातडी फाटायला लागली. ताणलेल्या कोपराची आतली बाजू वर आल्यामुळे सुटलेली दोरी पुढच्या हातावर बसायची. हे सगळं मला दिसायला हवं होतं. मला दिसलं ते एवढंच की मुलगा अलीकडे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतो. एकदा पाणी प्यायला बाही वर केली तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे पट्टे दिसले. जुने, नवे, एकावर एक. ‘दुखत नाही का रे?’ विचारलं. ‘सवय होईल ना सर?’ त्याने उलट मलाच विचारलं.

त्या वर्षीच्या निवड चाचणीत तो मागे पडला. जे मूल केळीच्या खांबावर तिराला तीर लावत होतं, त्याचे तीर गठ्ठा सोडून जमिनीत जात होते. परतताना गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला. आजोबांनी अंगणात त्याच्याकडून एक तीर मारून घेतला, हात बघितला आणि मला विचारलं, ‘सर, याचा हात तुम्ही बदलला का?’ आवाजात राग नव्हता. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

माझ्या घरी धनुर्वेदाची प्रत होती, वाचलेलीही होती. वसिष्ठांच्या नावावर असलेल्या त्या संहितेत धनुष्याच्या मुठीचं संधान तीन प्रकारचं सांगितलंय, अधः, सम आणि ऊर्ध्व. लांब मारायचं असेल तर एक, स्थिर लक्ष्यासाठी दुसरं, कठीण वस्तू फोडायची असेल तर तिसरं. कामाप्रमाणे हात बदलतो, एकच खरा आणि बाकीचे खोटे असं त्यात नाही. ते वाचूनही माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. जपानच्या क्यूदोमध्ये धनुष्य दोन मीटरांहून उंच असतं आणि तीर सुटल्यावर ते हातातच गर्रकन फिरतं. त्या पकडीला ते ‘तेनोउची’ म्हणतात आणि ती हाताला बसायला वर्षं जातात, हे मान्य करूनच शिकवतात. उलट इंग्रज रॉजर ॲशॅमने १५४५ सालच्या ग्रंथात तिरंदाजीच्या पाच गोष्टी मोजल्या, उभं राहणं, तीर लावणं, ओढणं, थांबणं आणि सोडणं. धनुष्याच्या हाताला त्यात स्वतंत्र जागा नाही. मीही तसाच शिकलो होतो, त्या हाताला जागाच न देता.

पुढे माझं स्वतःचं मनगटही बोललं. अंगठ्याच्या मुळाशी सूज आली, दाराची कडी काढताना आणि पोळीचा तुकडा मोडताना कळ यायची. डॉक्टरांनी पट्टा बांधून हात बंद ठेवायला लावला. त्या सक्तीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा स्वतः न मारता दुसऱ्यांचे हात बघत बसलो.

पट्टा सुटल्यावर कळवणला गेलो तेव्हा फळ्यावरच्या निळ्या खडूची पूड नेली होती. धनुष्याच्या मुठीला पूड लावायची, दोरी ओढायची, सावकाश परत आणायची आणि तळहात बघायचा. दोरी रिकामी सोडायची नाही, धनुष्य फुटतं. माझ्या हातावर दोन डाग उमटले, एक बेचकीत, एक टाचेवर. मुलाला सांगितलं, मी शिकवलेलं सोड, आधी धरायचास तसं धर. त्याला पटकन जमेना. कितीतरी वेळा मनगट वरच जात होतं. आजोबांनी मुठीवरची चिंधी सोडून नव्याने बांधली, टाचेकडे जरा जाड. मग त्याच्या हातावर डाग आला. अंगठ्याखाली, लांबट, एकच. पुन्हा ओढलं तरी तिथेच. त्याच जागी लहानपणापासूनचा कडक घट्टा होता. तो मी पहिल्याच दिवशी बघितला असता तर एवढं काही घडलंच नसतं.

कोपराचं मात्र थोडं शिकवावं लागलं, कारण ताणायची सवय मीच लावली होती. दाराच्या चौकटीला तळहात टेकवायचा, तो न हलवता फक्त कोपर फिरवायचं, आतली बाजू वर न येता आडवी होईपर्यंत. हे त्याने आठवडाभरात पकडलं. हातावरचे पट्टे गेले.

मी स्वतः आता मनगट खाली ठेवतो, कारण माझ्या धनुष्याची मूठ सरळ आहे आणि दमल्यावर माझा हात तिथेच जातो. थंडीत बोटं अजून आवळली जातात, तेव्हा मी थांबून नखांचा रंग बघतो. आमच्या रानात एक मुलगी हलकं रिकर्व्ह धनुष्य घेऊन येते, तिचं मनगट उंच आहे. दोन तास मारून झाल्यावरही तिचा खडूचा डाग बेचकीतून हलत नाही. तिला मी काही सांगत नाही.

कळवणच्या मुलाचे तीर अजून पूर्वीइतके जवळ बसत नाहीत. पाच बसतात, सहावा सुटतो. त्याच्या वयात गेलेलं एक वर्ष फार मोठं असतं, आणि निवडीत वयाचे गट असतात. मधून मधून तो फोनवर विचारतो, ‘सर, हाताचं काही सांगायचंय का?’ मी त्याला आजोबांना विचारायला सांगतो.